साल कुणीकडून सोललीय

सप्टेंबर सरता सरता एका सकाळी परसातल्या सफरचंदाच्या झाडाकडे लक्ष गेलं आणि चहाचा कप हातातच राहिला. मनगटाएवढं खोड. गुडघ्याच्या उंचीपासून कमरेपर्यंत त्याची साल एका अंगाने पार सोलून निघाली होती. आतलं पिवळट लाकूड ओलसर चकाकत होतं, सालीच्या धांदोट्या वरून लोंबत होत्या, एक फांदी पिळवटून मोडली होती आणि खाली गवतावर ताजा भुसा पडला होता. शेजारचे काका कचऱ्याचा डबा रस्त्यावर लावायला आले होते, ते मला तसं उभं बघून आमच्या अंगणात आले. (अमेरिकेत कुणाला काका म्हणत नाहीत, तोंडावर मीही त्यांना नावानेच हाक मारते, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मनातल्या मनात नुसत्या नावाने बोलवणं मला आजवर जमलेलं नाही.) मला वाटलं, हळहळतील. ते कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर खाली बसले, सोललेल्या जागेवरून अंगठा फिरवला, तो नाकाशी नेला, भुसा चिमटीत धरून चुरला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला रागच आला. ‘‘काल रात्रीचं काम आहे,’’ म्हणाले. ‘‘आणि तो तिकडून आला.’’ हात तळ्याकडे.

माझं झाड गेलं होतं आणि हा माणूस खूश होता.

ही गोष्ट पुढे बरेच दिवस डोक्यात घोळत राहिली. झाडाचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. साल सगळ्या बाजूंनी गेली नव्हती, त्यामुळे ते जगेलही असं त्यांनीच सांगितलं. साल पूर्ण गोल सोलली गेली की मुळांकडे जाणारं अन्न तुटतं आणि मग झाड वाचत नाही. घोळत राहिली ती त्यांची ती खुशी. मी रोज त्या परसात उभी राहते, हरणं येतात हे मला माहीत आहे, त्यांचे फोटो मी भंडाऱ्याला आईला पाठवते. पण ज्याला मी ‘हरणांनी केलेली नासधूस’ म्हणत होते त्यात त्यांना दिवस, वेळ, दिशा, वय असं सगळं दिसत होतं. आणि ते त्यांना दिसत होतं, कारण नोव्हेंबरात त्यांना त्या हरणाला मारायचं होतं.

आम्ही मॅडिसनच्या पश्चिमेला राहतो. इथून पुढे विस्कॉन्सिनचा तो भाग सुरू होतो जिथे हिमयुगातल्या हिमनद्या पोचल्याच नाहीत, त्यामुळे बाकी राज्य सपाट रंधा मारल्यागत आणि हा तुकडा तेवढा टेकड्यांचा, अरुंद घळींचा, वर ओकची झाडं आणि खाली मका-सोयाबीन असा राहिला. काकांच्या भावाचं शेत त्याच टेकड्यांत आहे. गुरं केव्हाच विकली, जमीन खंडाने दिली, पण वरचं रान आणि त्या रानातली शिकार तेवढी घरात राहिली. सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्यबाणाचा सीझन सुरू होतो, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा. तो नऊ दिवस चालतो. त्या शनिवारी पहाटे पेट्रोल पंपावर भगव्या-नारिंगी जॅकेटांची अशी गर्दी असते की आषाढीला चंद्रभागेचं वाळवंट आठवावं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिली गोळी मारायची मुभा असते. माझ्या ऑफिसात त्या आठवड्यात मीटिंग ठेवायची नसते, हे मला नोकरी लागल्यावर कुणी सांगितलं नव्हतं, रिकाम्या खुर्च्यांनीच सांगितलं.

ऑक्टोबरात एका रविवारी काका म्हणाले, येतेस का बघायला. बंदूक न घेता नुसतं हिंडून खुणा बघत जायचं, याला ते स्काउटिंग म्हणतात. मी गेले. माझ्या डोक्यावर त्यांनी नारिंगी टोपी घातली, रबरी बूट दिले आणि सांगितलं की झाडांना हात लावायचा नाही, वास राहतो. हे सांगणारा माणूस माझ्या परसात अंगठा घासत होता. पण ते परस होतं, इथे त्यांना शिकार करायची होती.

शिंगं घासलेल्या झाडाला सगळे ‘रब’ म्हणतात. माझी समजूत अशी होती की हरणाला खाज सुटते म्हणून ते शिंगं घासतं. तसं थोडं असतंही. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगं वसंतात फुटतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात, आणि दिवस लहान होऊ लागले की अंगातलं रसायन बदलतं, रक्त आटतं, शिंग टणक होतं. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला ती मखमल झडते. पण ते काम बहुधा एका दिवसाच्या आत उरकतं. नंतर दोन-अडीच महिने तो जो झाडांशी झगडत राहतो त्याचं कारण वेगळं. नराच्या कपाळावर, शिंगांच्या मुळाशी, ग्रंथी असतात. त्या याच दिवसांत जाग्या होतात. साल सोलायची, ओलं लाकूड उघडं करायचं आणि त्यावर कपाळ घासून आपला वास ठेवून जायचं. मागून येणारे नर तो हुंगतात, माद्याही हुंगतात. म्हणून त्याला सीडर, पाइन, चेरी अशी वासाची झाडं आवडतात. काकांनी मला पहिलं दाखवलं ते लाल सीडर होतं. सोललेल्या जागी नाक नेलं तर थेट शाळेतली कंपासपेटी. शिसपेन्सिली एके काळी याच लाकडाच्या बनत, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी चटकन पुन्हा वाकून हुंगलं.

एक रब म्हणजे काहीच नाही, असं त्यांचं मत. हरीण इथून गेलं, एवढंच कळतं. ते तर लेंड्यांवरूनही कळतं. गंमत सुरू होते ती दुसरं, तिसरं, चौथं दिसायला लागल्यावर, आणि ती सगळी एका रेषेत लागायला लागल्यावर. तीच रब लाइन. आम्ही ओकच्या कडेने चालत होतो. ते एका सोललेल्या झाडापाशी थांबायचे, त्याला पाठ लावून उभे राहायचे आणि समोर बघत राहायचे. ‘‘साल कुणीकडून सोललीय ते बघ,’’ म्हणाले. हरीण चालता चालता पुढ्यात आलेल्या झाडाला शिंगं लावतं, म्हणजे जखम असते ती ज्या दिशेने ते आलं त्या अंगाला. जखमांची तोंडं खाली मक्याच्या शेताकडे असतील तर ते शेतातून वर येत होतं, म्हणजे रात्रभर चरून पहाटे बसायच्या जागी परत निघालं होतं. तोंडं वरच्या दाट झाडीकडे असतील तर दिवसभराची रवंथ आटोपून संध्याकाळी खाली उतरत होतं. पहिल्या रेषेवर सकाळी बसायचं, दुसरीवर संध्याकाळी. मी मागे वळून पाहिलं तर आत्ताच ओलांडून आलेल्या झाडांवर मला एकही जखम दिसेना. सगळ्यांची तोंडं पलीकडे. आम्ही त्याच्याच दिशेने चालत होतो.

मग बारीकसारीक गोष्टी आल्या. लहान नर बारक्या काटक्यांशीच खेळतो. मांडीएवढं खोड सोललेलं दिसलं तर तो थोराड असणार. पण थोराड नर बारकी झाडंही सोडत नाही, त्यामुळे बारक्या झाडावरून काहीच ठरवता येत नाही. मुख्य जखमेच्या वर किंवा खोडाच्या मागच्या अंगाला खोल ओरखडे असतील तर ती शिंगांच्या टोकांची खूण, म्हणजे टोकं लांब. ताजं लाकूड पिवळं-केशरी आणि चिकट. आठवड्याभरात ते मळकं होतं. मागच्या वर्षीचं राखाडी पडतं आणि कडेने साल गोळा होऊन ओठ धरू लागते. एका जाड सीडरवर एकात एक अशा कित्येक वर्षांच्या जखमा होत्या, तळाशी करड्या, मध्ये ताजी. असं झाड पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहतं. ज्याने पहिली साल काढली तो कधीच मेला असणार.

माझे मामा धानाच्या बांध्यांवर जागलीला जायचे. साकोलीच्या पुढचं गाव, पलीकडे नागझिऱ्याचं रान. धान निसवलं की चितळं आणि डुकरं यायची. शेताच्या कडेला चार खांबांवर माळा, त्यावर घोंगडी, बॅटरी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. सकाळी मामा तुडवलेल्या धानाच्या लोंब्या कुठल्या बाजूला झोपल्यात ते बघून कळप कुणीकडून आला आणि कुठून निघाला ते सांगायचे. आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. नागझिऱ्यात पुढे सफारीला गेलो तेव्हा गाइडने अस्वलाच्या नखांचे ओरखडे असलेलं साजाचं झाड दाखवलं, सगळ्यांनी फोटो काढले. मामा जीपमधून मान बाहेर काढून भलतीकडेच बघत होते. सांबराने शिंगं घासलेलं एक झाड त्यांना दिसलं होतं, ते त्यांनी फक्त बोटाने दाखवलं. शिकारीचं नाव घरात हळू आवाजात निघायचं. आईच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, माजघरात सांबराचं शिंग होतं, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दोन्ही गोष्टींबद्दल पाहुण्यांसमोर बोलायचं नाही असा दंडक होता.

काकांच्या भावाच्या शेतात झाडाला बांधलेला ट्री स्टँड बघितला तेव्हा मला मामांचा माळाच आठवला. दोघंही थंडीत, अंधारात, वारा कुठून येतोय ते बघत उंचावर बसणार. फरक एवढाच की मामा बसायचे ते कुणी येऊ नये म्हणून. काका बसतात ते त्याने यावं म्हणून.

वाऱ्याबद्दल काका फार बोलतात. रब लाइन सापडली म्हणून तिच्यावरच जाऊन बसणारा माणूस त्यांच्या मते हरणाला निरोप पाठवून बसतो. या घळींत सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार झाली की पाण्यासारखी खाली वाहते. त्यामुळे सकाळच्या रेषेला वरच्या अंगाने बसायचं, संध्याकाळच्या रेषेला खालच्या, आणि तेही बाजूला, पल्ल्यात राहून, जिथे दोन टेकड्यांमधल्या खिंडीत रेषा अरुंद होते. हे ते मला अशा गंभीरपणे समजावत होते की जणू मी पुढच्या शनिवारी बंदूक घेऊन येणारच आहे. त्यात सुटका नसलेली एक अट अशी की ही सगळी विद्या ऑक्टोबरपुरती. नोव्हेंबर लागला आणि माद्या माजावर यायला लागल्या की नर आपल्या रेषा विसरतो. मग तो जाईल तिकडे मादी जात नाही, मादी जाईल तिकडे तो जातो. तेव्हा ज्या झाडीत माद्या बसतात तिच्या आडवं जाऊन बसायचं, आणि महिनाभर जमवलेल्या खुणा घडी घालून ठेवून द्यायच्या.

मला राहून राहून वाटायचं की ते ‘तो’ म्हणतात तो एकच आहे हे कशावरून? ‘तो’ इथून उतरला, ‘तो’ इथे थांबला, ‘त्याला’ हे झाड आवडतं. त्या जाड सीडरसमोर त्यांनी कॅमेरा बांधला होता, माणूस-जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा. त्याचं कार्ड त्यांनी घरी येऊन लॅपटॉपमध्ये घातलं तेव्हा मी मुद्दाम थांबले. काळेपांढरे फोटो, चमकणारे डोळे. रात्री सव्वाअकराला रुंद मानेचा एक दांडगा नर. पहाटे तीनला दुसराच, डाव्या शिंगाचं टोक मोडलेला. मग नुसती दुबेळकी शिंगं असलेलं एक कोवळं पोर, कपाळ घासून पाहतंय. एक मादी मान लांबवून हुंगतेय. एक रकून. दिवसाउजेडी जवळपास कुणीच नाही. म्हणजे ज्या रेषेला आम्ही दुपारभर एका जनावराचं चरित्र असल्यासारखं वाचलं होतं तिच्यात तीन-चार जणांचं हस्ताक्षर होतं आणि सगळं अंधारात लिहिलेलं. झाडं त्यांनी सोलली होती. रेषा आम्ही ओढली होती. ‘‘मग ही लाइन कुणाची म्हणायची?’’ मी विचारलं. मला वाटलं, थोडे तरी हिरमुसतील. ते फोटो पुढे ढकलत म्हणाले, ‘‘सगळ्यांची. मला त्यातला एक उजेडी आला की झालं.’’

त्यांच्यावर रागावून राहता येत नाही ही माझी खरी अडचण आहे. मी ज्या सरकारी रानांत फुकट फिरते, त्यांच्या देखभालीला बंदुका आणि काडतुसांवरच्या 11 टक्के कराचा पैसा येतो. 1937 चा कायदा आहे तसा. मी वर्षाला एक पुस्तक आणि एक दुर्बीण घेते. शिवाय या भागात हरणं मोजायला, तपासायला जी माणसं हवीत तीही हेच लोक. माउंट होरेबजवळ मारलेल्या हरणांत 2002 च्या फेब्रुवारीत एक मेंदूचा रोग सापडला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो तेव्हा पहिल्यांदाच दिसला. जंतू नाही, विषाणू नाही. बिघडलेल्या प्रथिनाचा रोग. हरीण हडकतं, लाळ गाळतं, मरतं, उपाय नाही, आणि ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. माद्यांपेक्षा मोठ्या नरांत तो जास्त सापडतो. सगळीकडे तोंड घालत, हुंगत, चाटत हिंडणाऱ्यांनाच तो आधी गाठत असेल तर नवल नाही. तेव्हापासून काका मारलेल्या प्रत्येक हरणाचा नमुना तपासायला देतात आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये तळाच्या कप्प्यात, पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर शाईने नंबर टाकून ठेवतात. मागच्या डिसेंबरात एक नंबर रोगाचा निघाला. काकांनी तो कप्पा रिकामा केला, पिशव्या घट्ट बांधून कचराकुंडीत टाकायला गाडी घेऊन गेले. त्या दिवशी ते एक अक्षर बोलले नाहीत. जनावर मारताना त्यांना वाईट वाटतं का, हे विचारायचं मी बरेच दिवस टाळत होते. त्या दिवसानंतर विचारायची गरज उरली नाही, पण उत्तर मिळालं असंही म्हणता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका नंबराचा निकाल चांगला आला आणि त्यातला पाठीचा तुकडा आमच्याकडे आला. आमच्याकडे म्हणजे सावजीचा मसाला असलेल्या घरात. चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे तेल सढळ घातलं, मंद आचेवर शिजवलं. काका-काकू जेवायला आले. काकांच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, तरी वाटी पुढे. मी पण खाल्लं. चांगलं लागलं, याचंही मला थोडं वाईट वाटलं, आणि मग भात घेतला.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. मला रब दिसायला लागलेत. रस्त्याने जाताना, मुलाच्या फुटबॉलच्या मैदानामागच्या सुमॅकच्या झुडपात, ऑफिसच्या पार्किंगच्या कडेला लावलेल्या मॅपलवर. आधी त्या जागी मला ‘झाडी’ दिसायची. आता मी गाडीचा वेग कमी करून साल कुणीकडून सोललीय ते बघते, नवरा वैतागतो.

या ऑक्टोबरात मी एकटीच काकांच्या भावाच्या शेतावरच्या रानात फिरायला गेले, त्यांना विचारून, नारिंगी टोपी घालून. ते नेहमी उत्तरेच्या उताराने जातात. मी दक्षिणेकडच्या घळीतून चढले, कारण तिकडे ऊन होतं. वरच्या अंगाला आयर्नवुडची बारकी झाडं आहेत, त्यातलं एक सोललेलं दिसलं. मग थोडं पुढे एक. मग एक सीडर, मांडीएवढं, जखम माझ्या छातीपर्यंत, आणि तिच्यावर, मागच्या बाजूला, दोन खोल ओरखडे. सगळ्यांची तोंडं खालच्या मक्याकडे. भुसा ओला होता. रेषा वर जाऊन दोन ओकांमधल्या एका बोळात शिरत होती, इतक्या अरुंद की पलीकडच्या बाजूला पडलेल्या खोडावर कुणी सकाळी बसलं तर... मी पुढचं मनातल्या मनात पुरतं मांडून मोकळी झाले होते: वारा, उजेड, अंतर. मग सीडरला हात न लावता उतरले.

संध्याकाळी काका पानं गोळा करत होते. ‘‘काही दिसलं का वर?’’ त्यांनी दाताळं टेकवून विचारलं.

‘‘टर्की दिसले,’’ मी म्हटलं. ‘‘मोठा थवा होता.’’

तेही दिसले होतेच.